आवाजाचा पाटकरी

बोरगाव हे निपाणी तालुक्यातील, महाराष्ट्राच्या हद्दीलगतचे गाव. एका अंगाला तंबाखूची निपाणी, दुसऱ्या अंगाला यंत्रमागांची इचलकरंजी आणि भोवताली दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावर वाढणारा ऊस. या मुलखातील शेतकऱ्याला पाटकरी म्हणजे कोण, हे सांगावे लागत नाही. पाटाला आलेले पाणी कोणाच्या शेतात, किती वेळ आणि कोणत्या दाराने सोडावयाचे, हे पाहणारा तो पाटकरी. त्याने आपले काम चोख केले तर सगळी शेते बेताने भिजतात आणि त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. त्याने हयगय केली तर एकाचा ऊस कुजतो, दुसऱ्याचा वाळतो, आणि मग दोष नदीचा की पंपाचा यावर पारावर वाद सुरू होतात.

जुन्या ध्वनिक्षेपकाच्या लाकडी पेटीत असाच एक पाटकरी बसलेला असतो. बाजारात त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या लहानशा फळीवर तांब्याच्या तारेची एकदोन वेटोळी, दोनतीन कंडेन्सर आणि एखाददुसरा रोध, एवढाच त्याचा संसार. पेटीच्या पाठीशी तो काळोखात असतो; पंचवीस-तीस वर्षांत त्याचे तोंड कोणी पाहिलेले नसते. मात्र त्याचे वय झाले की घरातला आवाज हळूहळू बोथट होत जातो. घरचे लोक म्हणतात, तबकडी झिजली. कोणी म्हणतो, ॲम्प्लिफायर गेला. घरातील वृद्ध मनुष्य आपल्याच कानांना दोष देतो. शेवटी पेटी माळ्यावर जाते आणि तेथून भंगाराच्या गाडीवर. त्या गाडीवर चढलेल्या कित्येक पेट्यांतील ध्वनिक्षेपक धडधाकट असतात. निकामी झालेला असतो तो एखादा कंडेन्सर, ज्याची किंमत घरातल्या छताचा पंखा दुरुस्त करण्याच्या खर्चाहून अधिक नसते.

एका पेटीत दोन-तीन ध्वनिक्षेपक कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडील पहिल्या रेडिओंना एकच ध्वनिक्षेपक असे आणि त्यावर गावेच्या गावे तृप्त असत. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ साली पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग केला. त्या वेळी चावडीत किंवा शाळेत ठेवलेल्या एकाच रेडिओभोवती माणसे बसत, कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. बेळगाव जिल्हाही त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यातच होता. बाजारभाव आणि खतांची माहिती ऐकण्यास तो एक ध्वनिक्षेपक पुरेसा होता. परंतु तंबोऱ्याची घुमणारी तार आणि झांजेचा किणकिणाट ही दोन्ही एकाच पडद्यातून सारख्याच निगुतीने काढणे हे त्याच्या आवाक्याबाहेरचे काम होते.

कारण साधे आहे. मनुष्याच्या कानाला दर सेकंदास सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. खर्जाच्या आवाजासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून पडदा मोठा हवा. आठ, दहा, बारा इंचांचा. पण मोठा पडदा जड असतो. त्याला दर सेकंदास दहा हजार वेळा मागेपुढे व्हावयास सांगणे म्हणजे उसाच्या गाडीच्या बैलाला शर्यतीत पळविण्यासारखे आहे. शिवाय मोठ्या पडद्यातून निघणारा तार स्वर समोरच्या अरुंद झोतातच पसरतो. बाजूला बसलेल्याला तो ऐकूच येत नाही. म्हणून तार स्वरांसाठी एखाद्या इंचाचा हलका पडदा निराळा ठेवतात. मोठ्याला वूफर आणि लहानाला ट्वीटर ही नावे आता सर्वांच्या तोंडी रुळली आहेत.

ही विभागणी घरात येण्यापूर्वी चित्रपटगृहात आली. आज घरोघरी दिसतो त्या जातीचा, चुंबकात हलणाऱ्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडला. १९३३ सालच्या एप्रिलमध्ये बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात नेऊन ऐकविला, तेव्हा खर्जासाठी वेगळे आणि तार स्वरांसाठी वेगळे कर्णे लावले होते व त्यांच्यामध्ये आवाजाची वाटणी करणारी मंडले होती. इकडे कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलता केला. बोलपटाने प्रेक्षकांच्या कानांना नवे वळण लावले आणि पडद्यामागचे कर्णे मोठे व दुपदरी होत गेले. घरगुती पेट्यांकडे हे ज्ञान दुसऱ्या महायुद्धानंतर वळले. अमेरिकेत १९५४ साली स्थापन झालेल्या ए. आर. कंपनीची १९५८ सालची तीन ध्वनिक्षेपकांची पेटी या वाटचालीतील एक टप्पा मानली जाते. आपल्याकडे १९७० नंतर कलकत्त्याच्या सोनोडाईनसारख्या कारखान्यांनी दुपदरी व तिपदरी पेट्या मध्यमवर्गाच्या बैठकीत आणल्या. सीमाभागातील सुखवस्तू घरांत आज ज्या जुन्या पेट्या सापडतात त्यांपैकी बऱ्याच त्या काळातील. काही नोकरीनिमित्त आखातात गेलेल्या माणसांनी विमानातून आणलेल्या.

आता पाटकऱ्याचे काम पाहू. कंडेन्सर आणि वेटोळे हे स्वभावाने एकमेकांच्या उलट. कंडेन्सर खर्जाच्या प्रवाहाला अडवितो आणि तार स्वराच्या प्रवाहाला वाट देतो. वेटोळे खर्जाला वाट देते आणि तार स्वराला अडविते. म्हणून ट्वीटरच्या वाटेवर कंडेन्सर बसवितात आणि वूफरच्या वाटेवर वेटोळे. ८ मायक्रोफॅराडचा कंडेन्सर घेतला तर दर सेकंदास २५० कंपनांच्या आवाजाला तो सुमारे ८० ओहमांचा अडसर घालतो, २,५०० कंपनांना ८ ओहमांचा आणि १२,५०० कंपनांना अवघा दीड ओहमाच्या आसपास. ट्वीटर ८ ओहमांचा असेल तर २,५०० कंपनांपाशी अडसर आणि ट्वीटर तुल्यबळ होतात. तेथून वरचा आवाज ट्वीटरचा. तिकडे अर्ध्या मिलिहेन्रीचे वेटोळे त्याच ठिकाणी ८ ओहमांचा अडसर घालते. तेथून खालचा आवाज वूफरचा. दोन शेतांमधला बांध तो हाच. ध्वनिक्षेपकाचा रोध प्रत्यक्षात सर्व कंपनांना सारखा नसतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण बिघाड समजून घेण्यास तो पुरतो.

चांगल्या कारखान्यांचा क्रॉसओव्हर केवळ बांध घालून थांबत नाही. ट्वीटर बहुधा वूफरपेक्षा मोठ्याने बोलतो, म्हणून त्याच्या वाटेवर रोध घालून त्याला आवरतात. पडद्याचा एखादा स्वर मुळातच कर्कश असेल तर तेवढाच स्वर दाबणारी जोडणी करतात. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने १९७० नंतरच्या दशकात फिरत्या ध्वनिक्षेपण गाड्यांसाठी जी लहानशी पेटी तयार केली तिच्या पोटातला क्रॉसओव्हर पेटीच्या मानाने केवढा तरी गुंतागुंतीचा आहे. तेव्हा फळीवर दिसणारा एखादा भाग कशासाठी आहे हे कळत नाही, म्हणून तो काढून टाकणे हा अविचार होय. असे ‘सोपे’ केलेले क्रॉसओव्हर जुन्या बाजारात पुष्कळ दिसतात, आणि ज्या कारागिरांनी ते केले त्यांचा हेतू वाईट नव्हता, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येते.

या फळीवरील भागांपैकी म्हातारपण सर्वांत आधी गाठते ते कंडेन्सरला. त्यातही ओल्या जातीच्या, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरला. त्याच्या ॲल्युमिनियमच्या डबीत धातूच्या पातळ पट्ट्या आणि विद्युत्वाहक द्रवात भिजविलेला कागद यांची गुंडाळी असते. डबीचे तोंड रबरी बुचाने बंद केलेले. वर्षानुवर्षांच्या उष्म्याने रबर कडक होते, द्रव सुकतो. वैशाखात पत्र्याखाली तापलेल्या माळ्यावर ठेवलेल्या पेटीत ही क्रिया अधिक वेगाने होते. सुकलेल्या कंडेन्सरची धारणाशक्ती बदलते आणि त्याचा अंगचा रोध वाढतो. ८ मायक्रोफॅराडचे ५ झाले तर ट्वीटरचा बांध २,५०० कंपनांवरून ४,००० च्या जवळ सरकतो. वूफर आपल्या जुन्या बांधापाशीच थांबलेला असतो. मधल्या पट्ट्याला कोणाचेच पाणी पुरेसे मिळत नाही.

हा मधला पट्टा पडीक राहिल्याने काय होते ते मराठी कानाला चटकन कळावे असे आहे. स्वरांचे, म्हणजे अ-आ-ई-ऊ यांचे बळ मुख्यतः खालच्या कंपनांत असते. व्यंजनांची धार वरच्या कंपनांत. ‘स’ आणि ‘श’ यांतला भेद, ‘त’ आणि ‘थ’ यांतला श्वास, हे सारे तेथे. मराठीत तर ‘च’ सुद्धा दोन आहेत. ‘चंद्र’ मधला तालव्य आणि ‘चोर’ मधला दंत्य. लिहिताना दोन्ही एकच, भेद केवळ उच्चाराचा, आणि तो भेद वरच्या कंपनांतच वसतो. वरचा आवाज बोथट झालेल्या पेटीतून हे दोन्ही ‘च’ सारखेच ऐकू येऊ लागतात. कानडी वळणाचे मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी ते पुष्कळदा एक होतातच, त्यामुळे सीमाभागात ऐकणाऱ्याला प्रथम शंकाही येत नाही. पण ओळखीच्या गायकाच्या तोंडी ‘चोर’ मधला ‘च’ जाड झाला, तर गळा त्याचा बिघडलेला नसून पेटीतला पाटकरी झोपला आहे असे खुशाल समजावे.

उलट प्रकार अधिक घातक आहे. काही कंडेन्सर म्हातारपणी सुकण्याऐवजी गळू लागतात किंवा आतल्या आत जोडले जातात. मग खर्जाचा सारा लोंढा ट्वीटरच्या अंगावर येतो. ट्वीटरचे वेटोळे केसासारख्या तारेचे असते. त्याला काही वॉटांपलीकडे सोसत नाही. लग्नाच्या वरातीत आवाज वाढविला आणि ट्वीटर ‘अचानक’ गेला, अशी जी तक्रार ऐकू येते तिच्यामागे कित्येकदा हेच कारण असते. कंडेन्सर कोणत्याही दुकानात मिळतो. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कारखान्याचा ट्वीटर कोठेच मिळत नाही. जुनी पेटी पुन्हा वाजवावयाची असेल तर प्रथम मोठ्या आवाजात लावून ‘कशी वाजते ते पाहू’ असे म्हणू नये, ते याचसाठी.

तपासणीसाठी फार मोठी सामग्री लागत नाही. कंडेन्सर मोजणारा साधा आकडी मीटर, मध्यम आचेचे झाळण्याचे इस्त्री आणि धीर, या तीन वस्तू पुरेत. ॲम्प्लिफायर बंद करून तारा सोडाव्यात. वॉल्व्हच्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये कित्येक शे व्होल्टचा दाब असतो आणि तो बंद केल्यावरही काही काळ टिकतो. त्याच्या पोटात हात घालणे हे या कामाचा भाग नव्हे. पेटी उघडल्यावर काहीही सोडविण्यापूर्वी फळीचे चित्र काढून घ्यावे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो, त्यामुळे हे सोपे झाले आहे. तरी कागदावर हाताने काढलेले चित्र अधिक उपयोगी पडते, कारण ते काढताना कोणती तार कोठे जाते हे पाहावेच लागते. मग ट्वीटर आणि वूफर सुटे करून त्यांचा रोध मोजावा. ८ ओहमांचा ध्वनिक्षेपक मीटरवर साधारण ६ ओहम दाखवितो. त्यात बिघाड नाही, कारण मीटर स्थिर प्रवाहाने मोजतो. काहीच दाखवीत नसेल तर वेटोळे तुटले आहे आणि मग क्रॉसओव्हरची चर्चा पुढची.

कंडेन्सर मोजताना त्याचे एक टोक फळीपासून सुटे करावे लागते. तसे न केल्यास शेजारचे वेटोळे आणि रोध हेही मोजणीत सामील होतात आणि मीटर भलतेच सांगतो. आकडा छापील आकड्याच्या जवळ आला तरी ओल्या कंडेन्सरवर पूर्ण विश्वास टाकू नये. त्याचा अंगचा रोध साध्या मीटरला दिसत नाही. चाळीस वर्षांचा ओला कंडेन्सर बदलावा हेच शहाणपणाचे. मात्र पॉलिएस्टरसारख्या प्लॅस्टिकच्या पटलाचे जे कंडेन्सर असतात ते सहसा म्हातारे होत नाहीत. मोजणीत बरोबर आले तर त्यांना हात लावू नये. आणखी एक जात आहे, तेलाने भरलेल्या पत्र्याच्या डब्यांची. १९८० पूर्वीच्या अशा डब्यांतील तेलात पी. सी. बी. नावाचे विषारी द्रव्य असण्याचा संभव असतो. डबा पाझरत असेल तर उघड्या हाताने पुसू नये, फोडू तर मुळीच नये.

नवा कंडेन्सर आणावयाचा कोठून? मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत तो मिळतो. टपालानेही मागविता येतो. पण बोरगावच्या माणसाला इतके दूर जाण्याचे कारण नाही, आणि या विषयातील खरी गंमत येथेच आहे. क्रॉसओव्हरला हवा असतो तो दोन्ही दिशांचा प्रवाह सोसणारा, न सुकणारा, मापाला पक्का कंडेन्सर. नेमका तसाच कंडेन्सर प्रत्येक घराच्या छताला टांगलेला आहे. पंखा मंदावला की वीजदुकानातून जो लहानसा डबा आणून बसवितात तो पॉलिप्रॉपिलीनच्या पटलाचा असतो. त्याची मापे २.५ आणि ३.१५ मायक्रोफॅराड अशी सर्रास मिळतात, आणि तो ४४० व्होल्टांच्या उलटसुलट दाबासाठी केलेला असतो. घरातल्या ध्वनिक्षेपकाला शंभर व्होल्टांची क्षमता पुष्कळ झाली. कंडेन्सर समांतर जोडले की त्यांची मापे मिळविली जातात. २.५, पुन्हा २.५ आणि ३.१५ मिळून ८.१५ होतात, ८ च्या जागी ही बेरीज शेकडा दोनच्या आत बसते, जी जुन्या कारखान्यांच्या मूळ मोजमापातही नेहमी साधलेली नसे. विहिरीवरच्या एकफेजी मोटारीला सतत लागून राहणारा, म्हणजे ‘रन’ कंडेन्सरही याच जातीचा व अधिक मोठ्या मापाचा मिळतो. वूफरच्या बाजूला तो चालतो. त्याच मोटारीचा ‘स्टार्ट’ कंडेन्सर मात्र घेऊ नये. तो ओल्या जातीचा असून मोटार उचलण्यापुरता क्षणभर वापरण्यासाठीच केलेला असतो. आणि पंखा मंदावला म्हणून काढून टाकलेला जुना डबा तर मुळीच नको. ज्या दोषासाठी तो काढला तोच दोष येथे पुन्हा पदरी पडेल.

रेडिओच्या सुट्या भागांत धन-ऋण खुणांचे ओले कंडेन्सर स्वस्त मिळतात. त्यांपैकी एक सरळ लावणे चूक आहे, कारण आवाजाचा प्रवाह दर क्षणी उलटत असतो. असे दोन कंडेन्सर पाठीला पाठ लावून जोडले तर काम भागते, पण त्यांचे माप निम्मे होते; १६ चे दोन जोडल्यावर ८ मिळतात. हा तोडगा अडीअडचणीचा समजावा.

येथे एक बारकावा आहे आणि तो न पाळल्यामुळे दुरुस्त केलेल्या पेट्यांबद्दल नवी तक्रार येते. ओल्या कंडेन्सरच्या अंगी नवा असतानाही थोडा रोध असतो. पटलाच्या कंडेन्सरच्या अंगी तो जवळजवळ नसतो. मूळ रचनाकाराने तो रोध हिशेबात धरूनच ट्वीटरचा आवाज बसविलेला असतो. ओल्याच्या जागी पटलाचा घातल्यावर ट्वीटरला पूर्वीपेक्षा अधिक प्रवाह मिळतो आणि पेटी किंचित तीक्ष्ण बोलू लागते. दोनचार दिवस घरचे लोक ‘किती स्वच्छ झाला आवाज’ म्हणून आनंदात असतात; मग दीर्घ ऐकण्याने कान दमू लागतात. यावर उपाय म्हणजे नव्या कंडेन्सरच्या ओळीत अर्ध्या ओहमाच्या आसपासचा, पाच वॉटांचा तारेचा रोध जोडणे. ऐकून तो थोडा कमी-अधिक करता येतो. काही परदेशी व्यापारी चांदीच्या पट्ट्यांचे, हजारो रुपयांचे कंडेन्सर विकतात आणि त्यांनी आवाजात कोठली कोठली रत्ने प्रकटतात याची वर्णने करतात. माप आणि रोध यांचा हिशेब जुळला असता पंख्याच्या कंडेन्सरपुढे ती रत्ने सामान्य कानाला सापडणे कठीण आहे.

वेटोळी सहसा बिघडत नाहीत. तांबे सुकत नाही. एखादे वेटोळे सैल होऊन थरथरते, त्याला लाखेचा किंवा व्हार्निशचा हात पुरतो. क्वचित कोणी आधीच्या दुरुस्तीत ते जाळलेले असते किंवा तार विकून खाल्लेली असते. मग नवे गुंडाळावे लागते. इचलकरंजीच्या मागांच्या आणि सीमाभागातील विहिरींच्या मोटारी बांधणारे कारागीर गावोगाव आहेत आणि त्यांच्याकडे एनॅमलची तार किलोवर मिळते. एक इंच व्यासाच्या आणि सुमारे २० मिलिमीटर रुंदीच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या रिळावर १ मिलिमीटर जाडीच्या तारेचे १४० ते १५० वेढे एकाला एक चिकटवून दिले म्हणजे अर्ध्या मिलिहेन्रीचे वेटोळे तयार होते. त्याला पंधरा मीटरच्या आसपास तार लागते आणि त्याचा रोध ओहमाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा भरतो. वेढे थोडे जास्त द्यावेत आणि मीटर लावून एकेक उलगडीत मापावर यावे. मोटार बांधणाऱ्याचा हात या कामात कोणाही अभियंत्यापेक्षा बरा चालतो. मात्र तो कारागीर सद्भावनेने ‘आणखी जाड तार घालू या, मजबूत होईल’ असे सुचवितो, तेव्हा त्याला आवरावे. वूफरच्या वाटेवरील वेटोळ्याचा रोध हाही मूळ हिशेबाचाच भाग असतो. तो फार कमी केला की खर्जाचा तोल बदलतो. नव्या वेटोळ्याच्या मधून लोखंडी स्क्रू घालू नये, त्याने माप वाढते. पितळी स्क्रू, दोरी किंवा डिंक बरा. जुनी वेटोळी फळीवर एकमेकांपासून दूर आणि निरनिराळ्या दिशांना तोंड करून बसविलेली दिसतात, ती जागा नव्हती म्हणून नव्हे. शेजारी शेजारी सारख्या दिशेने ठेवल्यास एकाचा प्रवाह दुसऱ्यात उतरतो.

काही पेट्यांच्या पाठीवर आवाज कमी-अधिक करण्याची गुंडी असते. तिच्या आतील तारेवर गंज चढून संपर्क तुटला की ट्वीटर मुका होतो आणि तो जळाला असे समजून लोक हळहळतात. गुंडी वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविली तर पुष्कळदा आवाज परत येतो. निदानासाठी ही युक्ती चांगली. कायमच्या उपायासाठी गुंडी उघडून साफ करावी किंवा बदलावी.

झाळण्याबद्दल एक सूचना विशेष करून आपल्या भागासाठी. कल्हईवाले आणि पत्र्याचे काम करणारे कथील धरावे म्हणून नवसागर वापरतात. पातेल्याला तो योग्य. विजेच्या जोडाला तो विष. जोड त्या दिवशी चकचकीत दिसतो आणि दोन पावसाळ्यांत हिरवा होऊन तुटतो. येथे राळच वापरावी. रेडिओच्या कामाच्या कथलाच्या तारेत ती आतच भरलेली असते.

जोडणी करताना जुन्या चित्राशी तंतोतंत इमान राखावे. ट्वीटरच्या तारा वूफरच्या मानाने उलट्या जोडलेल्या आढळल्या तर त्या सरळ करण्याचा मोह पुष्कळांना होतो. काही रचनांत, विशेषतः प्रत्येक वाटेवर एक वेटोळे आणि एक कंडेन्सर असतो तेथे, बांधापाशी दोघांचे आवाज एकमेकांना छेदतात. ते टाळण्यासाठी रचनाकारानेच एकाच्या तारा उलट्या घेतलेल्या असतात. दोन्ही पेट्यांत त्या सारख्याच उलट्या असतील तर ती चूक नव्हे. एकाच पेटीत उलट्या असतील तरच मागच्या कारागिरावर संशय घ्यावा.

याच कारणाने दुरुस्ती नेहमी जोडीने करावी. डाव्या पेटीत नवे कंडेन्सर आणि उजवीत जुने ठेवले तर समोरच्या गायकाचे तोंड डावीकडे आणि त्याचा श्वास उजवीकडे, असा विचित्र प्रकार होतो. दोन्ही पेट्यांसाठी घेतलेले कंडेन्सर मोजून एकमेकांशी जुळविलेले असावेत. छापील आकड्याशी जुळण्यापेक्षा एकमेकांशी जुळणे कानाला अधिक जाणवते. कामाच्या मध्यावर मात्र एक पेटी दुरुस्त आणि एक जुनी अशी अवस्था येतेच, आणि ती फुकट घालवू नये. दोहोंवर एकच ओळखीचा आवाज आळीपाळीने, हलक्या आवाजात ऐकावा. त्यासाठी गाण्यापेक्षा बोलणे बरे. आकाशवाणीच्या बातम्या चांगल्या. घरातल्या माणसाच्या आवाजाची जुनी ध्वनिफीत असेल तर त्याहून चांगली, कारण आजीच्या तोंडी कोणता ‘च’ कसा येई हे त्या घराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

पेटी बंद करताना पाठीच्या फळीखालची नमद्याची किंवा रबराची पट्टी फाटली असेल तर बदलावी. हवाबंद पेटीतून हवा सुटली तर खर्ज पोकळ होतो आणि मग सारा दोष नव्या कंडेन्सरांवर येतो. काढलेले जुने भाग, विषारी तेलाचे डबे सोडून, फेकून देऊ नयेत. जाड कागदाच्या पाकिटात घालून ते पेटीच्या आतच एका कोपऱ्यात चिकटवून ठेवावेत. सोबत एक चिठ्ठी ठेवावी: तारीख, कोणता भाग काढला, त्याचे माप किती भरले, त्या जागी काय घातले, रोध किती जोडला. पुन्हा तीस वर्षांनी जो कोणी ही पेटी उघडील त्याला मूळ रचना कळण्याचा तोच एक मार्ग असेल. चिठ्ठी मराठीत लिहिली की कानडीत, याने बोरगावात काही अडत नाही. आकडे तेवढे ठसठशीत असावेत आणि शाई पावसाळी हवेत न पसरणारी असावी.